लॉगिन प्रत्येक टेस्टमध्ये, की एकदाच करून सेशन जपायचं?

वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लिहिणाऱ्या, हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि विचारायलाच हवं. (सेशन म्हणजे साइटने लक्षात ठेवलेलं तुमचं लॉगिन.)

पहिला मार्ग ओळखीचा. लॉगिनचं एक फंक्शन किंवा पेज ऑब्जेक्ट (एका पानाचा सगळा कोड एकत्र ठेवणारा क्लास) करायचं आणि ते प्रत्येक टेस्टच्या आधी चालवायचं; साध्या वाक्यांत टेस्ट लिहू देणारं क्युकंबर वापरत असाल तर त्या पायऱ्या प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या ‘बॅकग्राउंड’मध्ये टाकायच्या. बटण बदललं तर दुरुस्ती एकाच जागी होते आणि प्रत्येक टेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. पण कोड एकदाच लिहिला तरी लॉगिन दर वेळी होतंच. एका लॉगिनला 6 सेकंद धरा: 200 टेस्ट ओळीने चालवल्या तर 20 मिनिटं नुसती दारातच गेली. शिवाय लॉगिनचं पान अडखळलं की बिलाची टेस्टही फेल.

दुसरा मार्ग म्हणजे एकदाच लॉगिन करून सेशन जपणं. प्लेराइट, सायप्रस आणि सेलेनियम ही ब्राउझर आपोआप चालवणारी टूल्स. त्यातल्या प्लेराइटचं स्टोरेज-स्टेट कुकी आणि लोकल स्टोरेज (साइट ब्राउझरमध्ये जपते तो डेटा) फाइलमध्ये ठेवतं, पुढची प्रत्येक टेस्ट तिथून सुरू होते. सेशन स्टोरेज (टॅब बंद होईपर्यंतच टिकणारा डेटा) मात्र त्यात येत नाही. तुमचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण) तिथे असेल तर ते हाताने भरावं लागतं. सायप्रसमध्ये हेच काम सेशन कमांड करते. 2022 मधल्या 12 व्या आवृत्तीत ती प्रायोगिक राहिली नाही. तिला सेशन अजून चालू आहे का हे तपासणारं व्हॅलिडेट फंक्शन जरूर द्या, म्हणजे सेशन मेलेलं असेल तर ती नव्याने लॉगिन करते. सेलेनियममध्ये कुकी आपणच काढून पुन्हा घालायच्या, आणि घालण्याआधी त्या साइटचं एखादं पान उघडलेलं हवं.

या मार्गातला खड्डा आम्ही स्वतः पाहिला आहे. एका सकाळी निम्म्या टेस्ट फेल होत्या आणि प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये तेच लॉगिनचं पान. दोन तास आम्ही टोकनची मुदत तपासत बसलो. निघालं काय, तर लॉगआउटची टेस्टही तेच जपलेलं सेशन वापरत होती. तिने बटण दाबलं, सर्व्हरने सेशन रद्द केलं आणि समांतर चाललेल्या बाकी सगळ्या टेस्ट बाहेर फेकल्या गेल्या. तेव्हापासून लॉगआउटच्या टेस्टला स्वतःचं लॉगिन, आणि डेटा बदलणाऱ्या टेस्ट समांतर चालत असतील तर प्रत्येक वर्करला (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला) वेगळं खातं.

सेशन मिळवताना फॉर्म न भरता थेट एपीआयला (सर्व्हरशी स्क्रीनशिवाय बोलायच्या वाटेला) रिक्वेस्ट पाठवता येत असेल, तर तेच करा.

पंधरा-वीस टेस्ट असतील तर पहिला मार्ग पुरे, उगाच गुंता वाढवू नका. शंभराच्या पुढे गेलात तर मी बिनदिक्कत दुसरा सांगेन, फक्त खऱ्या स्क्रीनवरून लॉगिन करणाऱ्या दोन-तीन टेस्ट वेगळ्या ठेवा, नाहीतर लॉगिनचं पान मोडलेलं कुणाला कळणारच नाही. आणि सेशनची फाइल गिटइग्नोअरमध्ये (गिटने कोडसोबत साठवू नयेत अशा फाइलींच्या यादीत) आजच टाका. ती ज्याच्या हाती लागेल, तो पासवर्डशिवाय त्या खात्यात शिरू शकतो.