इंजिन नसताना निघालेली पीयूसी

माझ्याकडे १४ जून २०२२ ची एक पीयूसी आहे. गाडी १९९३ ची महिंद्रा एमएम ५४०, डिझेल. धुराचं रीडिंग १.१८, मर्यादा २.४५, निकाल पास. त्या दिवशी जीपमध्ये इंजिनच नव्हतं. चेन पुलीने उचलून ते गॅरेजच्या कोपऱ्यात एका जुन्या टायरवर ठेवलं होतं. मीच त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, तारखेसकट. तरी ती पीयूसी सहा महिने फाइलला लावून मी खुशाल फिरलो. एकदाही तारीख बघावीशी वाटली नाही.

जीप भोरच्या मामांची. त्याआधी मी हरियाणातल्या मंडी डबवालीहून लँडी जीप, म्हणजे सुटे भाग जुळवून बांधलेली जीप, आणायच्या नादात होतो. मित्रांनी थांबवलं. तिकडे बॉडी नवी, सांगाडा कुठला आणि कागद तिसऱ्याच जीपचे, असं बऱ्याचदा असतं. म्हणून मामांची घेतली: पहिल्या दिवसापासून एकच मालक, आरसी बुक कोरं करकरीत. ते पुढे मीच बिघडवलं.

मूळ इंजिन प्युजोचं, २११२ सीसी. वरंध घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही. हडपसर-सासवड रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, "दादा, बोलेरोचं टर्बो टाका, २५२३ सीसी. दिल्लीच्या मायापुरीतून माल येतो. इंजिन बसवायचं फाउंडेशन मी बनवतो, ते गिअरबॉक्सला जोडायला बेल हाउसिंगला प्लेट लावतो, गिअरबॉक्स हाच ठेवू." इंजिन आणि मजुरी मिळून १ लाख ३५ हजार. आरसीवर इंजिनाची एंट्री, पीयूसी, सगळे पेपर मिळून वर २८ हजार, ते त्याच्या एजंटाला. जुनं इंजिन तो १२ हजारांना धरणार होता.

मी विचारलं होतं, नाही असं नाही. आधी आरटीओची परवानगी लागते ना? तो हसला. पुण्यातल्या वेताळ टेकडीकडे बोट करून म्हणाला, "ही फिटिंग एआरएआय अप्रूव्हड आहे, काका." दादाचा काका झालो तेव्हाच उठायला हवं होतं. एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था टेकडीवर आहे हे खरं, पण तिथे कंपन्यांची मॉडेलं आणि सीएनजीसारखी किट तपासून प्रमाणित होतात. हडपसरच्या खड्ड्यावर वेल्डिंग करून बसवलेल्या एकट्या जीपचं प्रमाणपत्र तिथून निघालेलं नसतं. "दाखवा बरं सर्टिफिकेट," एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

"आधी बसवू, एंट्री मागून होते," हे त्याचं पालुपद होतं, आणि सगळी गोम तिथेच होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. दुसऱ्याच जातीचं, दुसऱ्या सीसीचं इंजिन असेल तर परवानगी मागायला गेल्यावर खिडकीवरच गाडं अडतं. ते अडू नये म्हणून तर "मागून". तोवर जुनं इंजिन बारा हजारांत गेलेलं असतं, परतीची वाट बंद.

महिनाभरात जीप आली. खरं सांगायचं तर पळायची झकास. पाठोपाठ एजंटाने आरसीचं स्मार्ट कार्ड आणून दिलं, त्यावर नवा इंजिन नंबर. मी त्याला चहा पाजला.

२०२३ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, तेच. पासिंगला जीप घेऊन गेलो. इन्स्पेक्टर साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, ब्लॉकवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि कागद उजेडाकडे धरला. मलाही दाखवला. पहिले आकडे एका रेषेत, शेवटचे चार वर-खाली. नंबराभोवतीची जागा ग्राइंडरने घासलेली. बोट फिरवलं तर खळगा लागत होता.

"हे इंजिन कुठलं?"

"एंट्री झालीये साहेब," म्हणून मी कार्ड पुढे केलं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत मामांच्या वेळचाच, १९९३ चा इंजिन नंबर. एंट्री कधी झालीच नव्हती. "हे कार्ड कुणी दिलं तुम्हाला?" त्या प्रश्नाला पायातलं बळ गेलं. खोटं कार्ड माझ्या खिशात, नंबर खोडलेलं इंजिन माझ्या जीपमध्ये, आणि दोन्हीचे पैसे मीच मोजलेले.

त्या रात्री डिजिलॉकरवर आरसी उघडली. तिथेही जुनाच नंबर. हे मी चहा पाजण्याआधी, फोनवर, दोन मिनिटांत बघू शकलो असतो. मग इंजिनाचं बिल काढलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. मोजले, चौदा भरले. सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. माल दिल्लीचा म्हणे, आणि दिल्लीचा आकडा ०७. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत तर मी मागितलीच नव्हती.

पीयूसीची तारीख लक्षात आली ती त्याच रात्री. डिझेलची चाचणी म्हणजे एक्झॉस्टमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, तोही पुन्हापुन्हा. ॲक्सिलरेटर दाबून पेटायला खाली काहीतरी असावं लागतं! आणि चाचणी खरी झाली असती तरी पीयूसीवाला इंजिन नंबर तपासत नाही. तो नोंदीतलं गाडीचं वर्ष आणि इंधन बघून मर्यादा लावतो. "पीयूसी निघाली म्हणजे इंजिन कायदेशीर" असं कुणी म्हणालं तर दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

गॅरेजवाला आधी म्हणाला, एजंटाला विचारा. एजंटाचा फोन बंद. मग गॅरेजवालाही "गावाला गेला". १ लाख ६३ हजारांतले, जुन्या इंजिनाचे १२ वजा जाता, १ लाख ५१ हजार दिले होते, त्यातले फक्त ४० यूपीआयने. बाकी रोख, पावती नाही. पोलिसांत तक्रार देताना कामाला आले ते हे ४० हजार, तो टायरवरच्या इंजिनाचा फोटो आणि पीयूसी. वकिलांनी वर ऐकवलं की २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे मी. विम्याचं तर बोलायलाच नको. अपघात झाला की सर्व्हेयर आधी चासी आणि इंजिन नंबर बघतो. वर्षभर घाटातून पोरांना घेऊन फिरलो त्या अर्थाने उघडाच फिरलो.

इंजिन उतरवून पोलिसांकडे जमा केलं आहे. जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. मामांना अजून पूर्ण सांगितलेलं नाही. "पंपाचं काम निघालंय" एवढंच. एमएम ५४० चं मूळ २११२ सीसी इंजिन, बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीसकट, कुणाकडे असेल तर मला हवं आहे. बघायला येताना कागद आणि पेन्सिल घेऊन येईन, राग मानू नका. पैसे आरटीओची परवानगी हातात पडल्यावर.