रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स घेताना आम्हाला कसं फसवलं

डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स दुकानातून घेणार असाल तर आमच्या घरी काय झालं ते आधी वाचा. फसवण्याची पद्धत फार सराईत होती. ती आमच्यावर पहिल्यांदाच वापरली असेल असं मला वाटत नाही.

आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. माझी सून नर्स आहे. तिची संध्याकाळची ड्यूटी लागली की तिच्या मालिका चुकतात, आणि नेमकी त्याच वेळेला घरात मॅच चालू असते. इंटरनेटचा आमच्याकडे भरवसा नाही. म्हणून ठरवलं, टीव्हीवर एक चॅनल चालू असताना मागे दुसरं रेकॉर्ड करणारा बॉक्स घ्यायचा. ही गोष्ट काही नवीन नाही, टाटा स्कायने 2008 साली ‘टाटा स्काय प्लस’ आणला तेव्हापासून आपल्याकडे असे बॉक्स आहेत. पण आता बहुतेक कंपन्या ॲण्ड्रॉइड बॉक्स आणि ओटीटीच्या मागे लागल्यात, त्यामुळे रेकॉर्डरचा नवा माल सहजासहजी मिळत नाही. नेमकं तिथेच दुकानदाराचं फावतं.

दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, ‘‘एक बघताना दुसरं रेकॉर्ड होईल ना?’’ ‘‘होणार की काका. 500 जीबीची डिस्क देतोय, महिनाभराच्या मालिका साठवा,’’ तो म्हणाला. बॉक्स, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणि बसवणी धरून साडेचार हजार रुपये ठरले.

माणूस घरी आला, बॉक्स बसवला आणि सगळ्यांसमोर चालवून दाखवला. चालू बातम्या थांबवल्या, मागे नेल्या, पुन्हा सुरू केल्या. मग एक चॅनल रेकॉर्डिंगला लावून आधी रेकॉर्ड केलेला कार्यक्रम टीव्हीवर लावला. दोन्ही कामं एकाच वेळी चालली होती. घरात सगळ्यांना पटलं. खरी फसवणूक या दाखवण्यातच होती. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम डिस्कवरून येतो, त्याला छत्रीचा सिग्नल लागतच नाही. म्हणजे तेव्हा बॉक्स छत्रीवरून एकच चॅनल घेत होता. ट्यूनर म्हणजे छत्रीच्या सिग्नलमधून चॅनल पकडणारा बॉक्सचा भाग. एकाच ट्यूनरचा कुठलाही ‘रेकॉर्ड रेडी’ (बाहेरून डिस्क जोडली की रेकॉर्ड करणारा) बॉक्स एवढं करतो.

मॅचच्या दिवशी मालिका रेकॉर्डिंगला लावून चॅनल बदलायला गेलो, तर पडद्यावर सूचना आली की रेकॉर्डिंग बंद केल्याशिवाय चॅनल बदलता येणार नाही. दुकानदाराला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: ‘‘त्याला दुसरी केबल लागते, काका.’’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच पचतं. साध्या एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) एका केबलमधून एका वेळी उभ्या किंवा आडव्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे अर्ध्याच चॅनलांचा सिग्नल उतरतो. म्हणून दोन ट्यूनरच्या बॉक्सला छत्रीपासून दोन केबली आणाव्या लागतात. त्याने दुसरी केबल ओढली, ‘नवा एलएनबी’ बसवला म्हणाला आणि वेगळे नऊशे रुपये घेतले. तरीही चॅनल बदलेना. मग उत्तर बदललं, ‘‘कंपनीकडून अपडेट येईल.’’

शेवटी कंपनीच्या ग्राहक सेवेतून तंत्रज्ञ मागवला. विशीतला मुलगा होता. त्याने बॉक्सच्या मागे बघितलं आणि मला जवळ बोलावलं. मागे दोन तोंडं होती, पण सिग्नल आत घेणारं एकच. दुसऱ्यावर ‘आऊट’ असं लिहिलेलं. ते तोंड तोच सिग्नल पुढे दुसऱ्या बॉक्सला देण्यासाठी असतं. नवी केबल त्या ‘आऊट’ला खुपसली होती. मग तो गच्चीवर गेला आणि वरूनच ओरडला, ‘‘काका, ही केबल कुठेच जोडलेली नाही!’’ केबलचं वरचं टोक छत्रीच्या खांबाला तारेने बांधून ठेवलं होतं. एलएनबी तर जुनाच होता. ऐकून मला राहवेना. नऊशे रुपयांपेक्षा जास्त राग याचा आला, की त्या माणसाने आमच्या घरात बसून चहा पिऊन हे केलं.

पुढचं त्याहून वाईट निघालं. बॉक्सखालच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक आणि मेनूत दिसणारा क्रमांक जुळत नव्हते, म्हणजे आतलं यंत्र एका बॉक्सचं आणि कव्हर दुसऱ्याचं. जोडणी भलत्याच माणसाच्या नावावर होती, जिल्हासुद्धा वेगळा. आमचे रिचार्ज त्याच्या खात्यावर जात होते. रिचार्जचा एसएमएस मला कधीच का येत नव्हता याचा तेव्हा उलगडा झाला. तोवर दुकानदार ‘सर्व्हर डाऊन’ सांगत होता. त्यात तो बॉक्स भाडे योजनेतला, म्हणजे मालकी कंपनीची. जो विकायचा त्याला अधिकारच नव्हता, तो बॉक्स त्याने आम्हाला विकला.

हार्ड डिस्क मुलाने लॅपटॉपला लावून तपासली. डिस्क स्वतः किती तास चालली याची नोंद ठेवते, आणि साध्या मोफत सॉफ्टवेअरने ती दिसते. ‘नवी’ म्हणून दिलेली डिस्क 26,000 तासांच्या पुढे चाललेली होती. वर्षाचे तास 8,760, म्हणजे सलग तीन वर्षं. बहुधा कुठल्यातरी सीसीटीव्हीतून काढलेली. एक मात्र सांगतो, 500 जीबीच्या डिस्कवर संगणक 465 दाखवतो, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. आणि अशी डिस्क लावल्यावर संगणकाने ‘फॉरमॅट करा’ म्हटलं तर करू नका. रेकॉर्डिंग त्याच बॉक्सपुरतं कुलूपबंद असतं, संगणकावर ते दिसत नाही. त्यामुळे बॉक्स परत गेला तेव्हा सुनेने जपून ठेवलेलं सगळं गेलं. तिने तोंडावर काही दाखवलं नाही, पण वाईट वाटलंच.

तेव्हा पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला इतकंच करायला लावा: एक चॅनल रेकॉर्डिंगला लावायचं आणि रिमोट तुमच्या हातात घेऊन दुसरी पाच-सहा चालू चॅनलं तुम्ही स्वतः फिरवायची, मराठी, खेळ, बातम्या, एसडी, एचडी सगळी. अडकलं की समजा एकच ट्यूनर. मागे सिग्नल आत घेणारी तोंडं दोन आहेत का ते बोटाने चाचपून बघा. तिथेच ग्राहक सेवेला फोन लावून जोडणी कुणाच्या नावावर आणि कुठल्या मोबाइलवर आहे ते विचारा, आणि बॉक्स विकत मिळतोय की भाड्याने तेही. पावती जीएसटी क्रमांकाची, वर ‘दोन ट्यूनर’ असं लिहिलेली आणि बॉक्सचा क्रमांक टाकलेली घ्या. आम्हाला वहीचा फाटका कागद मिळाला होता.

ट्राय, म्हणजे डीटीएच कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडेच पाठवते. म्हणून आधी कंपनीची ग्राहक सेवा, तिथे दाद नाही लागली तर कंपनीचाच तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी. दुकानदाराविरुद्ध मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तंत्रज्ञाने लिहून दिलेला शेरा आणि लोंबत्या केबलचे फोटो जोडले, त्यानंतर दुकानदाराने बॉक्सचे पैसे परत केले. केबलचे नऊशे आणि परक्याच्या खात्यावर गेलेले रिचार्ज अजून बाकी आहेत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे, तेव्हा तुमच्याही घरी असा बॉक्स आला असेल तर कागद, फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा आजच एकत्र करून ठेवा.