‘झिरो कॉस्ट’ हप्त्यांचे दात

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ८०,७१९ रुपये गेले, ८४,००० अजून फेडायचेत आणि तोंडात दोन इम्प्लांट, म्हणजे दातासाठी हाडात बसवलेले स्क्रू, नुसतेच बसलेत, वर दात नाहीत.

आणि मी कोण? सहकारी बँकेत ३१ वर्षं काढलेली बाई. त्यातली नऊ वर्षं कर्ज विभागात. “काका, इथे सही, इथे आणि इथे” असं शेकडो लोकांना म्हटलंय, वर “वाचून करा हो” असंही. घरी नवऱ्याने यावर एक शब्द काढला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

उजवीकडच्या खालच्या तीन दाढा. एक आधीच गेलेली, दोन हलत होत्या. डोंबिवलीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर चकचकीत काचांचं क्लिनिक. तीन इम्प्लांट प्रत्येकी ३८,०००, वरच्या झिर्कोनियाच्या कॅप, म्हणजे दिसणारे दात, प्रत्येकी १२,०००, हाड भरायचे १८,०००. एकूण १,६८,०००. दिवाळी ऑफर म्हणून ८,००० कमी. १६,००० लगेच भरा, उरलेले १,४४,००० बारा हप्त्यांत, महिना १२,०००, झिरो कॉस्ट, म्हणजे म्हणे बिनव्याजी. प्रोसेसिंग फी मात्र २,९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ३,५३९. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. आम्ही बँकेत चहा पिता पिता त्यावर बोललोही होतो. पण दाढ ठणकत असताना परिपत्रकं आठवत नाहीत. रोख दिले तर किती, एवढं एक विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा, आणि आकडा खाली आला तर व्याज कुठे लपलंय ते कळेल.

काउंटरवरची मुलगी गोड होती. “काकू, मेडिक्लेम आहे ना? मग अर्धे तरी परत मिळतील.” मी म्हटलं, दातांचं देतात का? तर म्हणाली, “साधं नाही देत. बाथरूममध्ये पडलात असं लिहू आपण.”

इथे उठायचं होतं. पर्स उचलायची आणि जिना उतरायचा. जी माझ्यासाठी विमा कंपनीशी खोटं बोलायला तयार आहे, ती माझ्याशी खरं का बोलेल? पण मी ‘नको’ म्हटलं नाही. ‘बघू’ म्हटलं. हा ‘बघू’ मला रात्री झोपू देत नाही. नंतर मी क्लेम खरी माहिती देऊन पाठवला आणि तो एका ओळीत फेटाळला गेला. तो जाणारच होता. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार अपघात वगैरे सोडले तर वगळलेलेच असतात. माझ्यातही होते, पान १९ वर. खोटा अपघात लिहिला असता तर पॉलिसीच गेली असती.

मग तिने माझा फोन मागितला, “फॉर्म भरून देते” म्हणून. चष्मा पर्समध्ये होता. ती अंगठ्याने भराभर पानं सरकवत होती, मधेच “काकू, ओटीपी सांगा” म्हणायची. तीन ओटीपी. मला वाटलं क्लिनिकचा हप्ता आहे. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, माझ्या नावावर, आणि पूर्ण १,४४,००० त्याच संध्याकाळी क्लिनिकच्या खात्यात. नियमाप्रमाणे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, त्यावर वार्षिक दर असतो, आणि कर्जातून बाहेर पडायला किमान एक दिवसाची मुभाही असते. माझा कागद ईमेलच्या स्पॅममध्ये, इंग्रजीत, मला पाच महिन्यांनी सापडला.

दोन इम्प्लांट बसवले, तिसरा “पुढच्या सीटिंगला”. हाड धरायला तीन-चार महिने लागतात हे खरंच आहे, म्हणून कुणाला संशय येत नाही. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. फेब्रुवारीअखेर कॅपची मापं द्यायला गेले तर शटर खाली. बोर्ड काढलेला, भिंतीवर त्याच्या चार खिळ्यांची भोकं. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, “तुम्ही आज सातव्या.”

फायनान्स कंपनीला फोन केला. “मॅडम, कर्ज तुमच्या नावावर आहे, उपचाराचा वाद क्लिनिकशी.” मार्चचा हप्ता मी मुद्दाम थांबवला. बँकेने ५९० कापले, कंपनीने ५९० लावले, कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर ७८१ वरून ७०२ वर आला. वसुलीवाला मुलगा रोज सकाळी साडेआठला, माझ्या पूजेच्या वेळी. शेवटी हप्ता भरला. ज्यांनी मला शहाणपण शिकवलं की “भरायचाच नाही”, त्यांच्या नावावर कर्ज नव्हतं.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. “सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.” मी म्हटलं, पैसे घेऊन पळालेत. “पळालेत की बंद केलंय?” असा प्रश्न! अर्ज घेतला, पोच मागितली तर “साहेब आले की”. साहेब तीन फेऱ्यांत आले नाहीत. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयात गेले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव काय? मला नाव नीट माहीत नाही! ते फक्त बुधवारी यायचे, तोंडाला मास्क. फाइलवर सही आहे ती कोंबडीने पाय ओढल्यासारखी. “क्लिनिकच्या मालकाविरुद्ध आम्ही काही करू शकत नाही, ते डॉक्टर नाहीत.” विमा एजंट फोन उचलत नाही, पण नूतनीकरणाचा मेसेज बरोबर वेळेवर. प्रत्येक टेबलावर माणूस भला, आणि प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. ३१ वर्षं मीही तेच केलं असेल का, असंही मनात आलं. असो.

नव्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पहिलं विचारलं, “इम्प्लांट कुठल्या कंपनीचे?” डब्यावर लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो पेशंटच्या कार्डावर लावून देतात म्हणे. प्रत्येक कंपनीचे वरचे भाग वेगळे, म्हणून कंपनी कळल्याशिवाय कॅप बसवणं अवघड. हा स्टिकर त्याच दिवशी मागून घ्या, फोटो काढा, एक्स-रेची सीडीही घरी आणा. पैसे सीटिंगप्रमाणे द्या. फोन कुणाच्या हातात देऊ नका, नातीच्या वयाची असली तरी.

फायनान्स कंपनीला लेखी तक्रार केली आहे. ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तिथे आम्ही अकरा जण एकत्र जातोय. त्यातल्या एका आजोबांनी तर पेन्शनमधून रोख २,१०,००० दिलेत आणि पावती साध्या चिठ्ठीवर. त्या क्लिनिकचे आणखी कुणी असाल तर कागद शोधा. बुधवारच्या डॉक्टरांचं पूर्ण नाव छापलेली एखादी औषधाची चिठ्ठी कुणाकडे असेल तर ती फाडू नका. आम्हाला अजून तीच मिळालेली नाही.