गाडी चालू होऊन दोन सेकंदात बंद पडतेय? पंप बदलायच्या आधी हे वाचा

मी साताऱ्यात राहतो, दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, गाडीशिवाय आमचं पानच हलत नाही, आणि हे त्या मिस्त्रीला पक्कं माहीत होतं म्हणून राग अजून जात नाहीये.

एका सकाळी सेल्फ मारला, गाडी चालू झाली आणि दोन सेकंदात बंद. परत मारला, परत तेच. ना धक्के ना फुरफुर, चालू होते आणि गप होते, रेस दिली तरी फरक नाही, पाच-सहा वेळा अगदी तेवढ्याच वेळानं. टो करून जवळच्या गॅरेजला नेली. मिस्त्रीनं स्कॅनर लावला नाही की पेट्रोलचं प्रेशर बघितलं नाही, लांबूनच म्हणाला पंप (टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा) गेलाय, उद्या आईंना घेऊन रस्त्यात अडकलात तर मला बोलू नका. घाबरलो आणि हो म्हणालो. 9,700 रुपये, बिल साध्या कागदावर, जुना पंप मागितला तर म्हणे भंगारात गेला.

चार दिवस गाडी मस्त चालली त्यामुळे मला वाटलं काम झालं. पाचव्या दिवशी परत तेच, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) क्लिनिंगचे 5,000. आठवडाभर बरी, परत बंद. आता म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, 32,000 लागतील, आधी 10,000 टाका. मी पैसे काढायला निघालोच होतो.

माझा मामेभाऊ कराडला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, सहज फोनवर सांगितलं तर त्यानं एकच विचारलं, "दादा, बंद पडते तेव्हा डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो का?" लुकलुकत होता. "घरातली दुसरी चावी लाव." कपाटातली चावी आणून लावली, गाडी चालू झाली आणि चालूच राहिली, दहा मिनिटं मी तिथंच उभा.

झालं असं होतं की पहिल्यांदा बंद पडायच्या दोनच दिवस आधी चावीचं तुटलेलं कव्हर रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून बदललं होतं. चावीच्या आत एक बारकी चिप असते, बॅटरी नसलेली, इग्निशनच्या भोवतीची कॉइल ती वाचते आणि कोड जुळला नाही तर ईसीएम इंजेक्टर बंद करतो. काही गाड्या मुळातच चालू होत नाहीत, काही सेकंद-दोन सेकंद चालून बंद होतात. माझी चिप नव्या कव्हरात नीट बसलीच नव्हती, सुटी हलत होती, म्हणून कधी वाचली जायची कधी नाही, आणि चार दिवस चाललेल्या गाडीचं श्रेय मिस्त्रीला मिळायचं. भावानं चिप खाचेत बसवून थेंबभर गोंद लावला. बास.

मग त्यानं मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ तशीच, स्क्रूला पान्याचा ओरखडासुद्धा नाही. पंप बदललाच नव्हता!! फोटो काढून गॅरेजवर गेलो, चार गिऱ्हाइकं बसली होती त्यांच्यासमोर दाखवला, तर पंपाचे पैसे परत दिले, बाकीच्या 5,000 ला सरळ नाही म्हणाला.

भावानं सांगितलेलं लिहितोय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दरवेळी ठरावीक सेकंदांनी बंद पडत असेल तर आधी दुसरी चावी लावा, फुकट आहे. रेस धरली की चालू राहते आणि सोडली की बंद पडते, तर घाणेरडी थ्रॉटल बॉडी किंवा कुठून तरी हवा खेचतेय असं असू शकतं. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घुईंऽऽ आवाज येतो तो पंपाचा, तो येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघायला सांगा, आवाज येत असला तरी प्रेशर मोजल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका. आणि जुना पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगायचं, काम झाल्यावर नाही.

उरलेल्या 5,000 साठी 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार दिलीय. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कच्चं बिल, पैसे पाठवल्याचे मेसेज, धुळीचा फोटो, सगळं एका फायलीत लावून ठेवलंय.