रात्रीचं बातम्या स्क्रोल करणं: टायमर, राखाडी स्क्रीन आणि छापील पेपर, काही महिन्यांचा अनुभव

रात्री फोनवर बातम्या बघत बसायची सवय मोडायचं होळीच्या सुमारास चालू केलं, आता दिवाळी आली, म्हणून सविस्तर लिहितेय. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्येच डिजिटल वेलबीइंग असतं, म्हणजे फोनच्या वापरावर मर्यादा घालायची सोय, वेगळं अ‍ॅप नको, पैसे नकोत. न्यूज अ‍ॅपला टायमर लावला आणि रात्री बेडटाइम मोड, त्यात स्क्रीन आपोआप रंग सोडते. ह्याने मला सगळ्यात जास्त फरक पडला. लाल पट्टीतलं ‘ब्रेकिंग’ राखाडी झालं की त्यातला दमच जातो, अपघात, खून, युद्ध सगळं एकाच रंगात दिसतं आणि बोट आपसूक थांबतं.

टायमर मात्र अर्धवट काम आहे. वेळ संपली की आयकॉन राखाडी होतो, पण टायमर काढणं दोन टॅपचं काम, माझ्या फोनमध्ये त्याला पिन नाही, आणि तीच बातमी क्रोममध्ये खुशाल उघडते. पावसाळ्यात तर इथे ठाण्यात घोडबंदरला पाणी तुंबलंय का, लोकल चालू आहेत का हे बघावंच लागतं, त्यासाठी मी हवामान खात्याचा इशारा बघते, ऑरेंज आहे का रेड, तेवढं कळलं की फोन खाली.

आणि कृपा करून ‘मनावर ताबा नाही’ असं कोणाला बोलू नका. 2023 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये इंग्रजी मथळ्यांवरचा एक अभ्यास आला होता, साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण 2.3 टक्क्यांनी वाढतं असं त्यात दिसलं. म्हणजे जे भीती घालतं तेच जास्त उघडलं जातं, वर त्या स्क्रोलला तळच नाही.

म्हणून मी पेपरवाल्या काकांना सांगून पेपर परत सुरू केला. बातम्या त्यातही वाईट असतात, पण शेवटचं पान येतं, मग शब्दकोडं, आणि सासूबाई आडवे शब्द माझ्याआधी सोडवतात. शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते, 1893 पासूनची संस्था आहे, ठाण्यात राहून मेंबर नसाल तर खरंच व्हा, रात्री उशाशी पुस्तक असलं की फोन हॉलमध्ये चार्जिंगला ठेवणं जमतं, नुसतं ‘फोन नको’ म्हणून मला तरी कधीच जमलं नव्हतं.

आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइमचा (आयफोनमधली अशीच मर्यादा घालायची सोय) पासकोड घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांगावं, अँड्रॉइडपेक्षा ते बरंच घट्ट बसतं, नवऱ्याच्या फोनवर तसंच केलंय.