लेझर म्हणून पैसे घेतात आणि आयपीएल मारतात

‘फुल बॉडी, सहा सिटिंग, केस कायमचे जाणार, आजच भरलंत तर निम्मी किंमत.’ लेझरने अंगावरचे केस काढून देणाऱ्या सेंटरांत फसवणूक इथूनच सुरू होते. कायमचे सगळे केस कोणतंच यंत्र घालवत नाही. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही मान्यता दिली आहे ती केस कायमचे ‘कमी’ करण्यापुरतीच. पिकलेल्या केसांवर तर काहीच परिणाम होत नाही.

मोठी लबाडी यंत्रात असते. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा (प्रकाशाच्या लाटेची लांबी) असतो: अ‍ॅलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड ८०८ च्या आसपास, एनडी-याग १०६४. आयपीएल, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, हा फ्लॅशचा दिवा. फिल्टर लावूनही तो साधारण ५०० ते १२०० पर्यंतचा पट्टा एकदम सोडतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्यातला आखूड लांबीचा प्रकाश आधी शोषतं, आणि केसाच्या मुळाआधी कातडीच भाजते. फोड, मग महिनोन्‌महिने राहणारे काळे डाग. ते टाळायला यंत्र चालवणारी मुलगी जूल, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा, कमी करते. मग मूळ मरत नाही, केस काही आठवडे गळतात आणि परत येतात. हनुवटीवर, मानेवर तर मऊ लवेच्या जागी जाड केस उगवू शकतात. यावर उत्तर ठरलेलं: ‘तुमचे हार्मोन्स बिघडलेत, अजून चार सिटिंग घ्या.’ पीसीओएसमुळे, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोन्सच्या विकारामुळे, केस वाढतात हे खरंच आहे, पण म्हणूनच पाळीची चौकशी पैसे घेण्याआधी व्हायला हवी.

यंत्राच्या मागची पट्टी वाचायला मागा. तिथे एकच आकडा नसून ‘५३०–१२००’ असा पट्टा असेल, तर ते आयपीएल आहे. ‘वॅक्सिंग करून या’ म्हणणाऱ्यांकडून तर सरळ उठून यावं: मूळच उपटलं तर प्रकाश शोषायला उरतं काय? आधी फक्त शेव्हिंग चालतं. सावळ्या त्वचेला एनडी-याग सर्वांत सुरक्षित. छोट्या जागेवर पॅच टेस्ट करून निदान दोन दिवस थांबायचं.

भूल देणारं क्रीम दोन्ही पायांना फासून वर प्लास्टिक गुंडाळू देऊ नका. त्यातलं लिडोकेनसारखं बधिर करणारं औषध रक्तात उतरून झटके येऊ शकतात. अमेरिकेत असं करून दोन तरुणींचा जीव गेला, आणि २००७ मध्ये एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला.

पैसे सिटिंगगणिक द्या. ईएमआयचं कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, सेंटरला टाळं लागलं तरी हप्ते कापले जातात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा, बिलावर यंत्राचं नाव आणि तरंगलांबी लिहून घ्या. भाजलं तर त्याच दिवशी फोटो काढा, त्वचारोगतज्ज्ञाकडून लेखी घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.