मुलुंडच्या सुपरमार्केटमधली ‘स्वतः बिल करा’ मशिनं: शाम्पू घेताय तर छापील किंमत बघा

मुलुंड पश्चिमेला आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटने स्वतः बिल करायची सहा मशिनं बसवली आणि त्यांच्यासाठी आठपैकी चार कॅश काउंटर काढून टाकले. मी बरीच वर्षं दादरला एका दुकानात कॅशवर होते, त्यामुळे ही मशिनं मी कॅशियरच्या नजरेनेही बघते. माझं मत आधीच सांगते. दूध, ब्रेड, बिस्किटं अशा चार-पाच पाकीटबंद वस्तू असतील आणि पैसे यूपीआयने द्यायचे असतील तर मशीन उत्तम. महिन्याचं सामान भरायला गेला असाल तर माणूस बसलेल्या काउंटरलाच जा.

मशिनाचं चांगलंही सांगायला हवं. स्क्रीनवर मराठी आहे आणि ती वाचून कळते. क्यूआर स्क्रीनवरच येतो, रक्कम आधीच भरलेली असते, आपण फक्त पिन टाकायचा. सकाळी ऑफिसला निघालेली पोरं दही आणि केळी घेऊन भराभर बाहेर पडतात. त्यांना ट्रॉली भरलेल्या माणसामागे ताटकळावं लागत नाही, हे मला मनापासून आवडलं.

भाजीपाशी मात्र गाडी अडते. सुटी भाजी आधी वजन करून स्टिकर लावून घ्यायची असते. त्या स्टिकरवरचा बारकोड २ ने सुरू होतो, वजनाचा किंवा किमतीचा हिशेब त्यातच भरलेला असतो. कोथिंबिरीच्या ओल्या पिशवीवर स्टिकर सुरकुतला की मशीन तो वाचत नाही. आम्ही काउंटरवर पिशवी तळहातावर ताणून धरायचो, तरी नाही जमलं तर बारकोडखालचे आकडे हाताने टाकायचो. इथे आकडे टाकायची सोय गिऱ्हाइकाला दिलेलीच नाही. मशिनावर लाल दिवा लागतो आणि सहाही मशिनांना मिळून असलेली एकच मुलगी आपल्यापर्यंत येईस्तोवर उभं राहायचं.

पण माझी खरी तक्रार एमआरपीबद्दल आहे. आपल्याकडे वस्तूचा बारकोड तोच राहतो आणि जुन्या मालावर एक एमआरपी, नव्या मालावर दुसरी, असं नेहमी होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तर एकाच फळीवर दोन-दोन किमतींचा माल होता. अशा वस्तूचा बारकोड मारला की कॅशियरच्या स्क्रीनवर सगळ्या किमती येतात. ती बाटली फिरवते, छापलेला आकडा बघते आणि बरोबर तीच किंमत निवडते. गिऱ्हाइकाला हे दिसतही नाही, इतकं ते पटकन होतं. बिल करण्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच, आणि ते मशिनाला दिलेलंच नाही. माझ्या शाम्पूच्या बाटलीवर १७० रुपये छापलेले होते, स्क्रीनवर १८५ लागले. कुठली किंमत, असं मशिनाने विचारलंसुद्धा नाही. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं बेकायदा आहे. मी मुलीला बोलावलं, तिने कार्ड लावून किंमत लगेच बदलून दिली. शेजारच्या मशिनावर एका आजोबांनी तीच बाटली घेतली होती, त्यांनाही मी थांबवलं. त्यांच्याकडे वाचायचा चष्मा नव्हता. अशा माणसाने आकडे ताडून बघायचे तरी कसे?

मोबाइल नंबरचंही तेच. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलं आहे. काउंटरवर ‘नंबर नको’ म्हटलं की विषय संपतो. मशिनावर नंबराची मोठी चौकट येते आणि ‘वगळा’ हे बटण खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी अक्षरांत.

त्या मुलीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. एकाच वेळी दोन लाल दिवे, तिसरीकडून ‘ए हॅलो’, आणि समोर नोटा हातात धरून उभ्या असलेल्या आजी.

“आजी, इथे कॅश नाही चालत हो. काउंटरला जावं लागेल.”

“अगं बाई, ती लाइन बघ केवढी आहे!”

मुलीने आजींची टोपली उचलली, काउंटरच्या लाइनीतल्या लोकांना विनंती केली, त्यांचं बिल आधी करून दिलं आणि पळत परत आली. मी विचारलं, बसायला काही नाही का गं? “मशिनांजवळ स्टूल ठेवू देत नाहीत, ताई.” आम्हाला निदान खुर्ची होती. कॅशियरचं काम मशिनाने कमी केलं असं दुकानदार म्हणत असतील, तर त्यांनी एकदा संध्याकाळी सात वाजता या मुलीशेजारी उभं राहून बघावं. ब्रिटनमधल्या बूथ्स नावाच्या सुपरमार्केट साखळीने २०२३ मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतून अशी मशिनं काढायचं ठरवलं आणि तिथे पुन्हा माणसं बसवली. आमच्या दुकानाने मशिनं काढावीत असं मी म्हणत नाही. उरलेले चारही काउंटर संध्याकाळी चालू ठेवा, सध्या दोनच असतात. मशिनांवर एकीऐवजी दोघी ठेवा, आणि त्यांना बसायला स्टूल द्या. मॅनेजरना मी हे लेखी दिलं आहे.

तोवर मशिनावर जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी साबण, शाम्पू, तेल यांची छापील किंमत स्क्रीनशी ताडून बघा. फरक दिसला तर तिथेच मुलीला बोलवा. एकदा पैसे भरले की परताव्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या टेबलाशी जावं लागतं आणि ते रात्री साडेआठला बंद होतं. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल आणि बाटली, दोन्हींचा फोटो काढून ठेवा.